पेट्रोल चेनसॉची देखभाल, धार आणि दुरुस्ती: नव्याने मशीन घेणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात जंगल कमी. लातूर, बीडकडे तर नावालाच. तरीही पेट्रोलवर चालणारं चेनसॉ, म्हणजे आपल्याकडचं 'कटर', आता गावोगावी दिसतं, कारण कामं भरपूर आहेत. वळवाच्या वादळात धुऱ्यावरची बाभूळ आडवी पडते, केसर आंब्याची जुनी बाग छाटायला येते, पडीक रानात वेडी बाभूळ माजते. 2012-13 च्या दुष्काळात जालना, अंबड, पैठणकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा ते बुंधे काढायलाही हेच मशीन लागलं.

दुकानदार पाच मिनिटांत मशीन सुरू करून दाखवतो आणि माहितीपुस्तक खोक्यातच राहतं. पुढे महिना-दोन महिन्यांत मशीन रुसतं आणि मेकॅनिककडे जातं. अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा तीनच गोष्टी सापडतात: शिळं किंवा चुकीचं मिसळलेलं पेट्रोल, तेलावाचून कोरडी चालवलेली चेन आणि बोथट दात. पहिल्या दोन गोष्टी मशीनचा जीव घेतात. तिसरी माणसाला धोक्यात घालते, म्हणून या लेखात धारेला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

हात लावण्याआधी

मशीनवर कुठलंही काम करायचं तर आधी बटण बंद करा, मशीन थंड होऊ द्या आणि प्लगची टोपी काढून ठेवा. टोपी काढली की दोरी चुकून ओढली गेली तरी इंजिन पेट घेत नाही. चेनला हात लावताना चामड्याचे हातमोजे घालाच, कारण बंद मशीनचे दातही बोट फाडतात. सायलेन्सर बराच वेळ तापलेला राहतो, त्याच्यापासून लांब राहा. बंद खोलीत किंवा गोठ्यात मशीन चालू करून तपासू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याचा वासही येत नाही, आणि त्याने माणूस दगावतो.

मशीन चालवताना पायात चप्पल नको, बूट हवेत. गळ्यातला गमछा काढून ठेवा, धोतर किंवा लुंगी नेसून मशीन धरू नका. डोळ्यांना चष्मा किंवा जाळीचा पडदा, कानांना बोळे किंवा इअरमफ आणि डोक्याला हेल्मेट हवं. मांड्यांवर बांधायचं चेनसॉचं खास संरक्षक कापडही मिळतं. चेन त्याला लागली की आतले धागे सुटून चेनमध्ये गुंततात आणि ती जागीच थांबते. त्याच्या किमतीकडे बघून मागे सरू नका.

पेट्रोल आणि टू-टी ऑईल

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. त्यात इंजिन ऑईलची वेगळी जागा नसते. पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑईलमधूनच. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन थोड्याच वेळात घासतो आणि बोअर खराब होतो. मग खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो.

प्रमाण पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणाजवळ लिहिलेलं असतं. 50:1 असेल तर एक लिटर पेट्रोलला 20 मिलि ऑईल, 25:1 असेल तर 40 मिलि. चांगल्या कंपन्यांची मशीनं बहुधा 50:1 वर चालतात, बाजारातल्या बऱ्याच स्वस्त मशीनना 25:1 सांगितलेलं असतं. शेजाऱ्याचं ऐकून प्रमाण ठरवू नका, तुमच्या मशीनच्या पुस्तकात बघा. ऑईल मोजायला औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं झाकण किंवा सुई काढलेली सिरिंज पुरते. आधी डब्यात थोडं पेट्रोल, मग सगळं ऑईल, मग उरलेलं पेट्रोल घाला आणि डबा चांगला हलवा. टाकीत ओतण्याआधीही प्रत्येक वेळी हलवा. मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक इंजिन ऑईल इथे चालत नाही.

दुसरा मुद्दा इथेनॉलचा. आपल्याच उसाच्या मळीतून बनलेलं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. मिश्रण बरेच दिवस पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं, आणि मशीन तेच आधी ओढतं. त्यात वंगण नसल्यासारखंच असतं. शिवाय जुन्या किंवा हलक्या रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधले पातळ पडदे इथेनॉलने फुगतात, कडक पडतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिश्रण करा. महिन्यावरचं मिश्रण चेनसॉत घालू नका.

मिश्रण पेट्रोलसाठीच बनवलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल भरून शेतातल्या आखाड्यावर ठेवायची सवय मोडाच. लहान पोरांनी तहानेपोटी तशी बाटली तोंडाला लावायला एक क्षण पुरतो.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून दहाएक मिनिटं थांबा. जागा मोकळी हवी, बिडी-सिगारेट जवळ नको. भरून झालं की सांडलेलं पुसा आणि किमान तीन मीटर लांब जाऊन मशीन सुरू करा. उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीजवळ तर हे काम करूच नका. सायलेन्सरमध्ये ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. ती काजळीने बुजली की मशीन दम सोडतं, म्हणून काहीजण काढूनच टाकतात. काढू नका. मशीन गार असताना ती काढून ब्रशने घासा आणि परत बसवा.

चेनचं तेल

मशीनला दुसरी टाकी असते ती चेनच्या तेलाची. पेट्रोल भरलं की प्रत्येक वेळी ही टाकीही काठोकाठ भरा. पेट्रोल आधी आणि तेल नंतर संपायला हवं. उलटं झालं तर चेन कोरडी फिरते आणि बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, निळा-काळा पडायला लागतो.

गॅरेजमधलं वापरलेलं काळं ऑईल फुकट मिळतं म्हणून बरेचजण तेच घालतात. त्यात धातूचा बारीक कीस असतो. तो ऑईलचा पंप आणि बारची खोबणी खातो, वर ते ऑईल फवाऱ्यासारखं तुमच्याच अंगावर उडतं. खास चेन ऑईल मिळालं नाही तर तात्पुरतं नवं इंजिन ऑईल घाला. एप्रिल-मेच्या उन्हात पातळ तेल बारवरून लवकर उडून जातं, तेव्हा घट्ट तेल बरं.

तेल येतंय का हे बघायला मशीन सुरू करून बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यावर वीतभर उंच धरा, टेकवू नका, आणि थोडी रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली की सगळं ठीक. नाही उमटली तर बार काढून त्याच्या मागच्या बाजूचं तेलाचं भोक साफ करा. तिथे भुसा आणि डिंक बसलेला असतो. बाभळीचा डिंक भुश्यात मिसळून वाळला की दगडासारखा घट्ट होतो, तो काडीने खरवडूनच काढावा लागतो.

चेन ताणणं

बारच्या बाजूच्या दोन नट थोड्या ढिल्या करा, बारचं टोक हाताने वर उचलून धरा आणि ताणाचा स्क्रू फिरवा. चेन बारच्या खालच्या कडेला नीट चिकटली पाहिजे आणि हातमोजा घालून ओढली तर सहज सरकलीही पाहिजे. टोक वर उचललेलं असतानाच नट आवळा. मधोमध धरून चेन वर ओढली तर तिच्या खालच्या जिभा खोबणीतून पूर्ण बाहेर यायला नकोत.

तापलेली चेन लांबते, गार झाली की आखडते. काम करताना ताणली असेल तर काम संपल्यावर ढिली करून ठेवा, नाहीतर आखडताना बारवर आणि इंजिनच्या दांड्यावर ताण येतो. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात भराभर लांबते, तेव्हा सारखं बघत राहा. चेन बसवताना बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे तोंड करून आहे ना, हे बघा. उलटी बसवलेली चेन लाकूड कापत नाही, नुसती घासून धूर काढते.

धार

1946 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या किड्याची अळी बघितली. ती जबड्याने डावी-उजवी दोन्हीकडे लाकूड कुरतडत पुढे जात होती. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी चेन बनवली. आज आपल्या हातातली चेन त्याच पद्धतीची आहे. प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. तो दात लाकडात किती खोल शिरेल हे ठरवतो. सुताराच्या रंध्याचं पातं जितकं बाहेर, तितका जाड छिलका निघतो, तसाच हा प्रकार.

चेन बोथट झाली हे कसं ओळखायचं? भुसा बघा. धार असेल तर चौकोनी, हाताला लागणारे छिलके पडतात. बोथट असेल तर बारीक भुकटी उडते, बारजवळून धूर येतो, आणि मशीन आपणहून लाकडात उतरत नाही, दाबावं लागतं. इथेच धोका आहे. दाबताना माणूस पुढे झुकतो, हातावर जोर येतो, आणि बार सटकला की तो जोर कुठे जाईल सांगता येत नाही. बारच्या टोकाच्या वरच्या भागाने लाकूड किंवा फांदी शिवली तर मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येतं. धारदार चेनला असं दाबावं लागत नाही.

आणखी एक खूण. मशीन बंद करून दात उन्हात धरा आणि धारेच्या कोपऱ्याकडे बघा. तिथे पांढरी चकाकती रेघ दिसली तर धार गेली. खऱ्या धारेवर उजेड ठरत नाही.

आता कानस. गोल कानशीची जाडी चेनच्या मापावर ठरते. पुस्तकात किंवा बारवर माप कोरलेलं असतं. 0.325 इंच मापाच्या चेनला 4.8 मिमीची कानस लागते. लहान मशीनवरच्या हलक्या 3/8 चेनला 4 मिमीची, मोठ्या मशीनच्या जाड 3/8 चेनला 5.2 ते 5.5 मिमीची. चुकीच्या मापाची कानस दाताचा आकारच बिघडवते.

बार वायसमध्ये घट्ट पकडा. वायस नसेल तर एखाद्या ओंडक्यावर आधी एक खाच मारून ठेवा आणि बंद केलेल्या मशीनचा बार तिच्यात बसवा. चेन हलू नये म्हणून ब्रेक लावा (पुढच्या हँडलसमोरची पट्टी पुढे ढकला), पुढचा दात आणायचा तेव्हा सोडा. सगळ्यात आखूड झालेला दात शोधा आणि सुरुवात त्याच्यापासून करा, कारण बाकीचे सगळे त्याच्याएवढे करायचे आहेत. बऱ्याच चेनच्या दातावर 30 अंशांची तिरपी खूण कोरलेली असते. कानस तिला समांतर आणि आडवी सपाट धरा, आणि कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसू द्या. आतून बाहेरच्या दिशेने ढकला. परत आणताना उचलून आणा, घासत आणू नका, त्याने कानस आणि धार दोन्ही जातात. प्रत्येक दाताला तेवढेच हात मारा, तीन तर तीनच. एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे करा. मशीन लाकडात एका बाजूला वळत कापत असेल तर समजा की एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट राहिलेत.

पुढचा उंचवटा दर वेळी घासायचा नाही. चार-पाच वेळा धार लावली की एकदा गेजने बघा. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असावा. जास्त वर आला असेल तर सपाट कानशीने अगदी थोडा घासा आणि पुढची कड गोल करा. 'मशीन जोरात कापावं' म्हणून तो भसाभस घासणारे आहेत. असं मशीन लाकडाला चावतं, झटके देतं आणि उसळतं. हे करू नका. दात त्याच्यावरच्या शेवटच्या खुणेपर्यंत घासला गेला किंवा चिरला तर चेन बदला. तुटलेल्या दुव्यात खिळा किंवा तार घालून चेन चालवणं तर कधीच नको, ती तुटून उडाली की गोळीसारखी लागते.

आपल्याकडे धार एवढी लवकर का जाते? बाभूळ कठीण, वाळलेली तर आणखी. बुंध्याला काळ्या मातीचे कण चिकटलेले असतात. आणि धुऱ्यावरच्या झाडांना तारेच्या कुंपणाचे खिळे, तारा, कधी बैल बांधायची जुनी कडी साल वाढून आत गेलेली असते. कापायच्या आधी साल झाडा, बुंधा नीट बघा, जिथे सालीवर काळा डाग किंवा गाठ दिसेल तिथून लांब कापा. पडलेला ओंडका कापताना बार जमिनीला लागू देऊ नका. एकदाच मातीत घुसली तर सगळी धार गेली म्हणून समजा.

चेन काढलेली असताना बारकडेही बघा. खोबणीतला गाळ काढा, काठांना आलेली धारदार किनार सपाट कानशीने घासा, आणि दर वेळी बार उलटा करून बसवा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतील.

मोसंबीच्या बागेत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डिंक्या रोग (खोडातून डिंक गळतो तो) लागलेलं झाड कापून झालं की निरोगी झाडाकडे जाण्याआधी चेन आणि बार साफ करा. मोठ्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावा, 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना 10 लिटर पाण्यात.

एअर फिल्टर, प्लग आणि फटी

काळ्या मातीची धूळ फिल्टर लगेच भरून टाकते. दिवसभर काम केलं तर संध्याकाळी फिल्टर बघाच. काढण्याआधी चोक लावून हवेची वाट बंद करा, म्हणजे कचरा कार्बोरेटरमध्ये पडणार नाही. फिल्टर हलका आपटा, नायलॉनचा किंवा फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. कागदी असेल तर धुऊ नका, बदला. फिल्टरशिवाय एक मिनिटही मशीन चालवू नका. दोरीच्या बाजूचं झाकण काढून इंजिनच्या फटींमधला भुसाही ब्रशने काढा. बाहेर 42 अंश ऊन आणि फटी बुजलेल्या, अशा वेळी इंजिनने तापू नये तर काय करावं?

प्लगचा रंग इंजिनची तब्येत सांगतो. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळा, ओला असेल तर ऑईल जास्त झालंय किंवा फिल्टर बुजलाय. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, मशीन थांबवा आणि कारण शोधा. फट साधारण 0.5 मिमी, नक्की आकडा पुस्तकात बघा. प्लग आधी हातानेच फिरवून बसवा, मग पान्याने हलका आवळा. पहिल्यापासून पाना लावला की आटे जातात.

सुरूच होत नसेल तर

बटण चालू आहे का, टाकीत ताजं मिश्रण आहे का, चोक बरोबर आहे का, एवढं बघा. मग प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसा, चोक उघडा, बटण बंद ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढून आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर जाऊ द्या, थोडं थांबून प्लग बसवा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीतला छोटा फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर काढून बघा, नळीला चीर आहे का तेही बघा. ओला प्लग पुसूनही काही घडत नसेल तर नवा प्लग लावून बघा. ठिणगी बघायची असेल तर सांडलेलं पेट्रोल आधी पुसा आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

मशीन सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर टाकीचं झाकण किंचित ढिलं करून बघा. त्याने सुधारलं तर टाकीत हवा जाणारं भोक बुजलंय. स्लो रेसवर चेन फिरत असेल तर स्लोचा स्क्रू थोडा कमी करा. तरी फिरत राहिली तर क्लचच्या स्प्रिंग ढिल्या झाल्यात, ते मशीन तसंच वापरू नका.

कार्बोरेटरच्या 'एच' आणि 'एल' स्क्रूना (जोरात आणि स्लोवर पेट्रोल किती जाईल ते ठरवणाऱ्या) हात लावायचा मोह आवरा. 'एच' कमी केला की पहिल्यांदा मशीन जोरात पळतं, आवाज चढतो आणि माणूस खूश होतो. खरं तर तेव्हा पिस्टनला वंगण कमी पडत असतं. हे काम टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे फेरे मोजायचं यंत्र, असलेल्या मेकॅनिकचं. क्लच काढायलाही त्याच्याकडेच द्या, बहुतेक मशीनना तिथे उलटे आटे असतात. दोरी तुटली तर घरी बदलता येते, पण आतली स्प्रिंग ताणलेली असते, झाकण उघडताच तोंडावर उडते. चष्मा घालूनच उघडा, जमत नसेल तर सोडा.

चेनचा ब्रेक लागत नाही, टाकीला चीर आहे, हँडलचं रबर तुटलंय, यातलं एकही असेल तर मशीन बाजूला ठेवा. रोज कामाआधी मशीन दोन्ही हातांनी धरून, रेस देऊन डाव्या मनगटाने ब्रेक पुढे ढकला. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे.

सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवा, ब्रेक लावा, उजव्या बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये घाला, डाव्या हाताने पुढचं हँडल दाबून धरा आणि दोरी ओढा. हवेत लटकवून झटक्याने सुरू करायची पद्धत बघायला मर्दानी वाटते, पण त्यात चालू चेन गुडघ्याजवळ येते. वादळात झाड विजेच्या तारेवर पडलं असेल तर मशीन काढूच नका, आधी महावितरणला कळवून लाईन बंद करून घ्या. उभं झाड तोडायचं असेल तर 1964 चा वृक्षतोडीचा कायदा लागू होतो. आंबा, चिंच, साग अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते, आधी विचारून घ्या.

पावसाळ्यात मशीन ठेवताना

पेरणी सुरू झाली की मशीन महिनोन्महिने पडून राहतं. टाकीतलं मिश्रण काढा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल. चेन आणि बार काढून साफ करा, तेल लावून कापडात गुंडाळा. फिल्टर धुऊन बसवा. आखाड्यावर खताच्या पोत्यांजवळ ठेवू नका, खत ओल ओढतं आणि त्या हवेत लोखंड भराभर गंजतं. भिंतीपासून दूर, फळीवर, लेकरांच्या हाताला येणार नाही असं ठेवा. दिवाळीनंतर काढाल तेव्हा ताजं मिश्रण भरा, नळीला चीर पडली आहे का बघा, चेन ताणा आणि पहिल्यांदा पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटते का ते तपासून मगच लाकडाला लावा.